राज्याची प्रतीकं नेमकी कशासाठी असतात, आणि त्यात खान्देश कुठे आहे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राला राज्यगीत मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात सिल्व्हर पापलेट राज्यमासा झाला. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं गेलं, आणि जुलै २०२५ मध्ये गणेशोत्सव 'राज्य महोत्सव' असल्याचं विधानसभेत जाहीर झालं. त्याआधी शेकरू ही मोठी खार, हरियाल पक्षी, ताम्हणाचं फूल, आंब्याचं झाड, निळवंत फुलपाखरू आणि खाडीकाठच्या कांदळवनातलं पांढरी चिप्पी हे झाड ही मंडळी यादीत होतीच.

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण त्यांनाच विचारलं, "ताम्हण राज्यफूल आहे म्हणजे काय आहे? ते तोडलं तर काय होतं?" की गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही. पुस्तकं नाव सांगतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात. पारावर हा विषय निघाला की वेगळाच सूर लागतो. शेकरू भीमाशंकरचं, पापलेट पालघरचं, चिप्पी कोकणातल्या खाडीतली, मग "त्यामा आपला खान्देशनं काय शे?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात, म्हणून आधी ती गोष्ट पाहू.

प्रतीकं दोन प्रकारची

आपण ज्यांना सरसकट 'राज्याची प्रतीकं' म्हणतो, त्यांचे खरं तर दोन वेगळे गट आहेत. पहिला गट अधिकाराच्या चिन्हांचा. चार सिंहांचं राजचिन्ह आणि महाराष्ट्र शासनाची मुद्रा ही यातली. 'हा कागद सरकारचा आहे, यामागे सरकारचा शब्द आहे' हे सांगणं एवढंच त्यांचं काम. ती कोणी वापरायची आणि कोणी नाही, हे ठरलेलं असतं.

दुसरा गट मानाच्या प्रतीकांचा. प्राणी, पक्षी, फूल, वृक्ष, फुलपाखरू, मासा, गीत. ही वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. शेकरूचं चित्र शाळेच्या भिंतीवर रंगवा, ताम्हण अंगणात लावा, कोणी अडवणार नाही. 'हे आमचं आहे, याचं आम्हाला कौतुक आहे' असं राज्यानं जाहीरपणे म्हटलेलं असतं, इतकंच.

पोळ्याच्या दिवशी गावोगाव एका घराच्या बैलाला वेशीतून पहिला जाण्याचा मान असतो. त्या मानानं त्या बैलाच्या दावणीतला चारा वाढत नाही. चारा मालकालाच टाकावा लागतो. शेकरू आणि ताम्हणाचंही तसंच आहे: मान राज्यानं दिला, चारा वेगळ्या कायद्यांमधून यावा लागतो. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचा बराच गोंधळ सुटतो.

सिंह कोणाचे?

सारनाथच्या अशोकस्तंभाचा शिरोभाग २६ जानेवारी १९५० रोजी भारताचं राजचिन्ह म्हणून स्वीकारला गेला. मूळ शिल्पात पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह आहेत. चित्रात तीनच दिसतात. खालच्या पट्टीवर धर्मचक्र, बैल आणि घोडा, आणि तळाशी 'सत्यमेव जयते', हे वचन मुंडकोपनिषदातलं.

संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची सजावट शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली झाली. त्यातले हे सिंह रेखाटले ते दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्यानं. सिंह बघून काढता यावेत म्हणून तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असे. हा तरुण मुलताईचा, म्हणजे आपली तापी जिथे उगम पावते त्या गावचा. भुसावळच्या पुलावरून तापी ओलांडताना ही माहिती मला दरवेळी आठवते आणि दरवेळी बरं वाटतं.

आता व्यवहाराची बाजू. या चिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली २००७ चे नियम. परवानगी नसताना चिन्ह वापरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धंद्याच्या फायद्यासाठी वापरलं तर किमान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे. नियमांमध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, जी आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त अधिकारी यांना हे चिन्ह वापरता येत नाही. नगरपालिका, पंचायत राज संस्था, विद्यापीठ, स्वयंसेवी संस्था यांनाही अधिकृत परवानगीशिवाय नाही. गाडीवर लावण्याचा अधिकार तर मोजक्याच पदांना.

मग लग्नपत्रिकेवर, वाढदिवसाच्या बॅनरवर, दुचाकीच्या मडगार्डवर हे सिंह दिसतात ते? ते नियमबाह्यच. पुष्कळदा ते प्रेमापोटी लावलेले असतात, हे मी मानतो. पण हे चिन्ह बघून माणूस विश्वास ठेवतो, दार उघडतो, कागद हातात देतो. वसुलीच्या बनावट नोटिसा आणि नोकरीची खोटी नियुक्तिपत्रं याच विश्वासावर चालतात. चिन्ह जितकं मोकाट फिरेल, तितकं खरं-खोटं ओळखणं अडाण्यालाच नव्हे, शिकलेल्यालाही जड जाईल. कायद्याचा हेतू हा आहे.

सातबाऱ्यावरची मुद्रा

दुसरं अधिकारचिन्ह प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. डिजिटल सातबारा काढा आणि उजेडात धरा. कागदाच्या पार्श्वभूमीवर फिकट रंगात महाराष्ट्र शासनाची मुद्रा उमटलेली दिसेल, सोबत ई-महाभूमीचं बोधचिन्ह. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा ही भर पडली.

मुद्रेच्या मध्यभागी समई आहे आणि भोवती संस्कृत ओळी. या ओळी ओळखीच्या वाटतात, कारण त्या शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतल्या आहेत. महाराजांच्या मुद्रेचा आशय असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वानं वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. राज्याच्या मुद्रेवर पहिली ओळ तीच ठेवली आहे. दुसऱ्या ओळीत 'शाहसूनोः शिवस्यैषा' च्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य' आलं. 'मुद्रा भद्राय राजते' हे शेवटचे शब्द पुन्हा तसेच.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. राजाच्या जागी राज्य आलं, पण मुद्रा कशासाठी आहे हे सांगणारा भाग कोणी बदलला नाही. तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे. त्याच्या हातातल्या कागदावरची मुद्रा स्वतःच सांगते की ती त्याच्या भल्यासाठी आहे.

मानाची प्रतीकं ठरवतं कोण?

संविधानात राज्यप्राणी किंवा राज्यफूल असा शब्द नाही. त्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदाही नाही. सरकार निर्णय घेतं, शासन निर्णय निघतो आणि प्रतीक ठरतं. शासन निर्णय म्हणजे मंत्रालयातल्या विभागानं काढलेला लेखी आदेश, आपण ज्याला जीआर म्हणतो तो. कधी एखाद्या मंडळाची शिफारस असते. निळवंत म्हणजे ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीतून २०१५ मध्ये पुढे आलं, आणि फुलपाखराला असा दर्जा देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष झाली, तेही देशात पहिल्यांदा.

राज्यगीताचंही असंच. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ म्हणजे शिवजयंतीपासून राज्यगीत झालं. ते सुरू असताना उभं राहून मान द्यावा, असं शासनानं सांगितलं आहे. पण राष्ट्रगीत आणि राज्यगीत एका पातळीवर नाहीत. राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणं १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि राष्ट्रगीताचा आदर हे संविधानात मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. राज्यगीतामागे शासन निर्णय आहे.

"दर्जा मिळाला म्हणजे संरक्षण मिळालंच ना?"

नाही. आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो.

आंबा आणि ताम्हण शेजारी-शेजारी ठेवून पाहा. आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल, मान दोघांनाही. पण ग्रामीण भागात स्वतःच्या शेतातला आंबा तोडायचा तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, खैर, जांभूळ, हिरडा अशा झाडांबरोबर आंबा आहे. आंब्याला आधार मिळतो तो या यादीमुळे. ताम्हण या यादीत नाही. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे, तो कोणत्याही झाडाला लागू होतो, म्हणून धुळे किंवा जळगाव शहरातल्या रस्त्याकडेचं ताम्हण तोडायलाही परवानगी लागते. पण ती ते झाड आहे म्हणून. राज्यफूल आहे म्हणून नाही.

शेकरूला मारणं गुन्हा आहे, तेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे. शेकरूच्या बाबतीत आपल्या शेजारची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नवापूरच्या पलीकडे डांगचं जंगल आहे. त्या जंगलात शेकरूची एक फिकट, पांढुरकी उपजात होती. ती गेल्या शतकातच नामशेष झाली असं मानलं जातं. शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून जातो, या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत. जंगल विरळ झालं की त्याचा रस्ताच तुटतो. खाली उतरला की तो संपला. वरून सलग झाडी राहिली तरच शेकरू राहील, आणि ते काम कोणत्याही घोषणेनं होत नाही.

पापलेटाचं उदाहरण मात्र जरा धीर देणारं आहे. राज्यमासा झाल्यानंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, राज्यानं ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट त्यात आहे. अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच पिल्लं जाळ्यात जात होती, त्याला हा लगाम. मानामुळे विषय चर्चेत राहिला असेल, पण उपयोग होणार तो आकाराच्या नियमाचा, आणि तोही बंदरावर कोणी माप घेऊन उभं राहिलं तर.

गाईच्या बाबतीतही ज्या दिवशी मान दिला, त्याच दिवशी गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. घोषणेत उत्तर महाराष्ट्राची म्हणून डांगी गाईचं नाव आहे. डांगी ही सह्याद्रीच्या मुसळधार पावसात टिकणारी जात. ती टिकवायची तर तिला पाळणाऱ्याच्या हाती पैसा राहिला पाहिजे, हा हिशेब त्या घोषणेत येत नाही.

"मग हा खटाटोप कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. नुसती यादी लांबवण्यात मलाही काही राम वाटत नाही.

पण मानाचा एक खरा उपयोग आहे. सरकारच्या तोंडचा शब्द लोकांच्या हाती लागतो. ग्रामसभेत, पंचायत समितीत, न्यायालयात कोणीही उभं राहून म्हणू शकतं की ज्याला तुम्ही राज्याचं प्रतीक म्हणता त्याचं घरटं तुम्ही तोडताय. कायद्याचं बळ त्या वाक्याला नाही, पण लाज वाटायला लावण्याचं बळ आहे. आणि मुलं नाव शिकतात. नाव माहीत असलेलं झाड तोडताना माणूस थोडा तरी थबकतो, यावर माझा विश्वास आहे.

"यात खान्देशचं काय?"

पारावरच्या प्रश्नाकडे आता येऊ. उत्तर वाटतं तितकं रिकामं नाही.

हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांची हरोळी, हा राज्यपक्षी आपल्याकडे भरपूर आहे. थंडीत सकाळी लवकर एखाद्या जुन्या वडाच्या किंवा पिंपळाच्या शेंड्याकडे पाहा. पानं नसलेल्या फांद्यांवर वीस-तीस पक्षी उन्हाकडे तोंड करून बसलेले असतात. आकार कबुतराचा, अंग पिवळसर हिरवं, डोकं राखी, खांद्यावर जांभळट ठिपका, आणि पाय हळदीसारखे पिवळे. ऊन चढलं की ते पानात शिरतात आणि मग समोर असूनही दिसत नाहीत. वरून उंबराची फळं टपटप पडू लागली की समजायचं आत आहेत. त्यांचं पोट मुख्यतः वड, उंबर, पिंपळ यांच्या फळांवर. जमिनीवर ते क्वचितच उतरतात.

म्हणजे हरियाल हवा तर जुने वड-उंबर हवेत. आपल्या रस्त्यांकडेचे असे वड महामार्गाच्या चौपदरीकरणात गेले. त्यांच्या बदल्यात दुभाजकात कण्हेर लागली. कण्हेर हरियालच्या काही कामाची नाही. वडाच्या जागी वडच लावा, हा आग्रह धरायला राज्यपक्षाचं नाव वापरता येतं, आणि तो आग्रह धरायला हवा.

आंबा तर सातपुड्यात घरातलाच. धडगाव, मोलगी भागात उन्हाळ्यात आदिवासी बायका गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलतात, फोडी करतात आणि अंगणात, खडकावर वाळत घालतात. उन्हात त्या फोडी पांढऱ्या होत जातात. हे आमचूर. व्यापारी ते घेऊन जातात आणि देशभरच्या मसाल्यांत ते मिसळतं. पैसा कोणाकडे किती राहतो हे पाहिलं तर राज्यवृक्षाचा मान आणि तो सांभाळणारी माणसं यांच्यातलं अंतर कळतं. दिवसभर कैरी सोलून आंबटानं बोटं सोलवटतात, त्या बोटांचा उल्लेख कोणत्याही यादीत येत नाही.

राज्यगीतात नद्यांची नावं सुरू होतात ती रेवेपासून. रेवा म्हणजे नर्मदा, आणि महाराष्ट्रात नर्मदा फक्त नंदुरबार जिल्ह्यालाच लागते, उत्तर सीमेवर सुमारे ५४ किलोमीटर. तापी गीतात नाही, याची खंत इथे अनेकांना आहे. पण रेवेचं नाव घेताना हेही आठवावं की सरदार सरोवराच्या पाण्याखाली तिच्या काठची अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांमधली ३३ गावं आली. शाळेत परिपाठाला ते गीत म्हणणाऱ्या मुलांमध्ये त्या गावांमधून उठून आलेल्या घरांची मुलं आहेत.

ताम्हण आपल्याकडे मूळचं नाही. ते कोकणातल्या नदीकाठांचं झाड, इथे लावलेलं दिसतं, आणि एप्रिल-मे मध्ये, महाराष्ट्र दिनाच्या आसपास, जांभळ्या फुलांनी भरतं. पण त्याचा सख्खा भाऊ सातपुड्यात आहे: बोंडारा. एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली झाडं. बोंडाऱ्याची फुलं लहान आणि पांढरी असतात, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

निळवंत सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यात अधिक दिसतं. लिंबाच्या कुळातली झाडं त्याच्या अळ्यांचं खाद्य. चिप्पी आणि पापलेट आपले नाहीत, आणि असायचं कारणही नाही. राज्याला समुद्र आहे, तर समुद्राचं काहीतरी यादीत असणारच.

"मग केळीला राज्यफळाचा दर्जा का नाही?"

हा प्रश्न रावेर-यावलकडे हमखास निघतो. केळीकडे मानापेक्षा जास्त कामाची एक गोष्ट आहे: भौगोलिक मानांकन. एखाद्या मालाचा गुण त्या-त्या मातीमुळे आणि पद्धतीमुळे आहे, हे सिद्ध झाल्यावर मिळणारी ही कायदेशीर नोंदणी. १९९९ च्या केंद्रीय कायद्याखाली ती होते. जळगावच्या केळीला ती २०१६ मध्ये मिळाली. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही आहे. नवापूरच्या तूरडाळीलाही.

नोंदणी असल्यामुळे दुसरीकडचा माल 'जळगावची केळी' म्हणून विकणाऱ्याला अडवता येतं. राज्यफळ म्हटल्यानं असं काही अडवता आलं नसतं. अडचण दुसरी आहे. शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं, तेव्हाच ते चिन्ह त्याला खोक्यावर छापता येतं. बहुतेकांना ही पायरीच कोणी सांगितलेली नाही. राज्यफळाची मागणी करण्यात जी ताकद जाते, ती या नोंदणीत गेली तर निदान हातात काही पडेल.

झेंड्याचं काय?

थोडक्यात: महाराष्ट्राला स्वतःचा अधिकृत ध्वज नाही. आज कोणत्याच राज्याला नाही. जम्मू-काश्मीरला होता, तो २०१९ मध्ये गेला. कर्नाटकनं २०१८ मध्ये स्वतःचा ध्वज तयार करून केंद्राकडे पाठवला, त्याला मान्यता मिळाली नाही.

खान्देशचं स्वतःचं प्रतीक: रानपिंगळा

केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यानं २०२३ मध्ये एक वेगळी वाट दाखवली. त्यांनी जिल्ह्याचं स्वतःचं झाड, फूल, पक्षी आणि एक कासव जाहीर केलं. देशात असं करणारा तो पहिला जिल्हा. राज्याच्या यादीत आपलं काही घुसवण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त पटतो. आणि नंदुरबार, धुळे, जळगावला नाव शोधत बसावं लागणार नाही. ते आहेच, फक्त इथल्या माणसांना ठाऊक नाही.

रानपिंगळा हे एक छोटं घुबड. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मध्य भारतात मिळाला. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खान्देशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीनं कोणाला दिसलाच नाही. सालीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी शोधला, मिळाला नाही. तो नामशेष झाला असंच धरलं गेलं.

शोध भरकटण्यामागे एक लबाडी होती. रिचर्ड मायनर्ट्सहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकानं १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात त्यानं ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञांनी ही चोरी उघड केली. मग त्यांनी खोट्या जागा सोडल्या, खऱ्या जुन्या नोंदी हातात घेतल्या आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या जागा पिंजायला निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. जागा: शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला.

साध्या पिंगळ्यापासून तो ओळखायचा कसा? गावात दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, आणि पंख-शेपटीवर रुंद गडद पट्टे. शिवाय तो दिवसा वावरतो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसून शेपटी झटकत सरडे-पाली हेरतो. पुढे तो मेळघाट, यावल, बऱ्हाणपूरकडचं जंगल, अगदी तानसा अभयारण्यातही सापडला. तरी जगभरातला त्याचा सगळा संसार मध्य आणि पश्चिम भारतातल्या या तुटक जंगलांमध्येच आहे, आणि तो धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे.

घुबड म्हणजे अपशकुन, असं प्रतीक कोण स्वीकारेल, असा आक्षेप येईल. मला वाटतं, म्हणूनच ते हवं. घुबड दिसलं की दगड उचलणाऱ्या हाताला थांबवायचं तर 'हा आपल्या जिल्ह्याचा पक्षी' हे वाक्य उपयोगाचं आहे. शिवाय जग ज्याला मेलेला समजत होतं तो आपल्या डोंगरात जिवंत होता, याहून अभिमानाचं काय असतं?

"दर्जा दिला तर आमच्या जमिनीवर बंधनं येतील का?"

अक्राणी, शहादा, तळोद्याकडे ही भीती खरी आहे, आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. प्रतीक जाहीर केल्यानं एक गुंठाही कोणाचा जात नाही. बंधनं येतात ती अभयारण्याच्या अधिसूचनेनं किंवा वनकायद्यानं. रानपिंगळा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आधीच आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण त्याला आजही आहे. जिल्ह्याचं प्रतीक झाल्यानं त्यात भर पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेले दावे, सामूहिक वनहक्क, गौण वनोपजाचे हक्क जसेच्या तसे राहतात.

पण एक अट मी घालेन. हे प्रतीक जळगाव-धुळ्याच्या सभागृहात बसून ठरू नये. ज्या पाड्यांच्या शेजारी तो पक्षी आहे, त्या पाड्यांनी आधी हो म्हणायला हवं. त्याचं घरटं सागाच्या ढोलीत असतं, आणि ती ढोली कोणत्या झाडात आहे हे गुराख्याला माहीत असतं.

त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातली झाडं, पक्षी, प्राणी, वाण, त्यांचे स्थानिक उपयोग यांची नोंद त्या वहीत होते. पुष्कळ गावांमध्ये ही वही एजन्सीकडून भरून घेतलेली आहे आणि गावकऱ्यांनी ती पाहिलेलीही नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, ती मागता येते. तिच्यात रानपिंगळा आहे का, बोंडारा आहे का, हरियाल बसतो तो वड नोंदवला आहे का, हे तपासायचं. नसेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय लेखी अर्ज देऊन घ्यायचा, ठराव करायचा आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेला पाठवायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतातच.